उशाकडचं पिवळं: इंदूरच्या एका जुन्या गोधडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, झड लागलेली असताना, एक कुटुंब रामबागेत माझ्याकडे गोधडी घेऊन आलं. मी जुन्या कापडांची दुरुस्ती करते. पैठणी येते, शालू येतो, कधी देवघरातलं जीर्ण सोवळं येतं. गोधडी मात्र क्वचित येते, कारण ती दुरुस्तीला बाहेर द्यायची वस्तू आहे असं कुणाच्या मनातच येत नाही. जुनी फाटली की तिलाच आत थर म्हणून घालून वर नवी शिवतात. कित्येक घरांत आजीच्या गोधडीच्या पोटात पणजीची गोधडी असते.

कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे आणि माणसांना इथे नात्यानेच ओळखायचं आहे. गोधडी शिवणाऱ्या आजी आता नाहीत. त्यांची लेक म्हणजे ताई, सत्तरी ओलांडलेल्या. थोरली सून म्हणजे वहिनी. गोधडी त्यांच्याच घरी माळ्यावर होती. ताईंची लेक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते, ती शेवटपर्यंत फोनवरूनच या कामात होती. आणि वहिनींच्या सुनेला सातवा महिना लागला होता. हे सगळं प्रकरण उभं राहिलं ते त्या बाळामुळे.

होळकर संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं, त्या सुमाराची ही गोधडी. घर परदेशीपुऱ्याच्या बाजूला, गिरण्यांच्या वस्तीत. आजोबा एका कापड गिरणीत मागावर होते. आजचं इंदूर पाहिलेल्यांना पटणार नाही, पण मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल यांच्या भोंग्यांवर तेव्हा या शहराचं घड्याळ चालायचं. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. त्या वस्तीतल्या बायकांकडे दोन प्रकारचं कापड साठायचं: घरातली विरलेली लुगडी आणि गिरणीतून वजनावर मिळणारी चिंधी. आजींच्या गोधडीत दोन्ही होतं.

गोधडी उघडली तेव्हा

लांबी सहा फूट, रुंदी साडेचार फूट. आत जुन्या लुगड्यांचे पाच थर, खाली मांजरपाटाचं अस्तर, वर ठिगळं. कडेपासून आत आत जाणारा धावदोरा, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मी ठिगळं मोजली, 212 भरली. त्यांत काळी चंद्रकळा होती, गडद निळं, मरून, विटकरी, पांढऱ्यावर बारीक फुलांचं छापील, पट्ट्यापट्ट्यांचं शर्टिंग. आणि 34 पिवळी.

पिवळी म्हणजे गव्हाळ, बदामी, मळकट अशी नव्हे. चंद्रकळेच्या काळ्या ठिगळाला खेटून बसवलेलं पिवळं, जणू ओल्या शेतात फुललेलं झेंडूचं झाड. खोलीत ट्यूबलाइट होती, बाहेर पाऊस, सगळं करडं. आणि गोधडी पसरताच त्या 34 ठिकाणांनी डोळे आपोआप खेचून घेतले. मी कामाला लागायच्या आधी बराच वेळ नुसती बघत बसले. तो आनंद आजही मला शब्दांत नीट पकडता येत नाही. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला, साधारण 555 नॅनोमीटरला, सगळ्यांत जास्त दाद देतो, हे मी वाचलेलं होतं. गोधडीसमोर उभं राहिल्यावर ते अंगाला कळलं.

समस्या

गोधडीला उंदरांचा वास होता, एका कडेला तेलाचा जुना डाग होता, आणि 21 पिवळी ठिगळं इतकी विरली होती की बोट लावलं तर पीठ व्हावं. त्यांच्या शेजारची, तेवढ्याच वयाची मरून आणि निळी ठिगळं मात्र धडधाकट. मधोमध एक मोठा पिवळा चौकोन होता आणि त्यावर हाताच्या पंजाएवढा तांबडा डाग. तो रक्ताचा की गंजाचा, हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं.

खरी अडचण मात्र कापडात नव्हती. तिघींना तीन गोष्टी हव्या होत्या.

ताईंना गोधडी धुऊन, शिवून बाळाच्या अंगाखाली घालायची होती. "पणजीच्या गोधडीत पहिली झोप घेऊ दे लेकराला," त्या म्हणाल्या. वहिनींना ती चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायची होती, पण पिवळं त्यांना खटकत होतं. त्या सरळ म्हणाल्या, "हे पिवळं जरा जास्तच होऊन राहिलं आहे. त्या जागी बदामी नाही तर हलकं मोहरी रंगाचं लावता येईल का? भिंतीशी मेळ बसेल." पेनसिल्व्हेनियातल्या लेकीचा आग्रह होता की कुणी एक टाकाही घालू नये, आहे तशी जपून ठेवावी.

एक गोष्ट मी आधीच कबूल करते. वहिनींचं म्हणणं मला तेव्हा अगदीच चुकीचं वाटलं नव्हतं. 21 ठिगळं तर गेलीच आहेत, ती बदलायचीच असतील तर थोडी सौम्य छटा घ्यायला काय हरकत, असा विचार माझ्याही मनात होता. मी नमुन्यादाखल मोहरी रंगाची दोन कापडं काढूनही ठेवली होती.

चार पिवळे

निर्णयाआधी कापड समजून घ्यायला मी आठ दिवस मागून घेतले. या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते या आठ दिवसांनी.

आधी मधला चौकोन. ताई म्हणाल्या, ती आजींच्या लग्नातली अष्टपुत्री, मामाने दिलेली, पिवळी, लाल काठाची. काठाचा एक दोरा शिवणीत अजून होता. रंग हळदीचा असावा असं वाटलं. तपासायला सुटलेला एकच धागा घेतला आणि त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब सोडला. धागा तांबडा झाला. त्यावर लिंबाच्या पाण्याचा थेंब सोडला, परत पिवळा. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, त्यातलीच ही जादू: अल्क, म्हणजे सोडा-चुन्यासारखं काही, लागलं की हळद लाल होते, आंबट लागलं की मूळ रंगावर येते. मग रात्री खोलीत अंधार करून नोटा तपासायचा निळा दिवा गोधडीवर धरला. बाकी सगळी गोधडी विझल्यासारखी काळी, आणि मधला चौकोन हिरवट-पिवळा पेटलेला. हळद अशी चमकते हे मला माहीत होतं. तरी हातातला दिवा हलवायला मन होईना.

तांबड्या डागाचं कोडंही तिथेच सुटलं. दोन महिन्यांपूर्वी घरात कुणीतरी चांगल्या मनाने त्या चौकोनाला कपडे धुण्याची पावडर चोळली होती. डाग ना रक्ताचा होता ना गंजाचा, हळदीचाच होता.

दुसरं पिवळं गिरणीचं, पॉपलिनसारखं दाट विणलेलं. पीठ झालेली 21 ठिगळं ती हीच. पाण्याने आणि साबणाने त्याचा रंग जराही सुटत नव्हता. रंग पक्का आणि कापड मेलेलं, असा उलटा प्रकार. कापूस रंगवायच्या व्हॅट नावाच्या पक्क्या रंगांपैकी काही पिवळे आणि केशरी रंग स्वतः टिकतात, पण उन्हात धाग्याला कमकुवत करत जातात. गोधडी आयुष्यभर ओट्यावर उन्हात वाळवलेली. शेजारची मरून ठिगळं तेच ऊन खाऊन शाबूत होती, त्यावरून मला हेच कारण पटलं.

तिसरी आठ ठिगळं पिवळ्यावर लाल टिपक्यांची. ती बघून ताईंचा चेहरा उजळला. शेजारच्या मारवाडी काकींच्या पीलियाचे ते तुकडे. राजस्थानकडे बाळंतिणीला माहेरहून पिवळी ओढणी येते, तिला पीलिया म्हणतात. काकींची ओढणी विरली तेव्हा त्यांनी अर्धी आजींना दिली होती. मराठी घराची गोधडी, मधे मामाची अष्टपुत्री आणि कडेला मारवाडी माहेराचा पीलिया: इंदुरातच हे असं होऊ जाणे.

चौथी चार ठिगळं लिंबू रंगाची, पातळ. त्यांच्याकडे मी नीट लक्ष दिलं नाही. त्याबद्दल पुढे.

नकाशा

आलेखाच्या कागदावर मी 212 घरं आखली आणि पिवळी रंगवली. तोवर आम्ही सगळेच समजत होतो की हाताला आलं ते जोडलं. कागद वेगळंच सांगत होता. दोन पिवळी ठिगळं कुठेही एकमेकांना चिकटलेली नव्हती. बहुतेक पिवळ्यांच्या निदान एका बाजूला काळं किंवा गडद निळं होतं. पांढऱ्याशेजारी पिवळं एकदाच आलं होतं. आणि एका आखूड बाजूला पिवळं दाट होतं, एक आड एक, नऊ ठिगळं. समोरच्या बाजूला दोनच.

मी ताईंना कागद दाखवला. त्या हसल्या. "ते उसं आहे," म्हणाल्या. "कंदील असायचा घरात. आम्ही पाच भावंडं. रात्री गोधडी ओढताना पायाकडची बाजू तोंडावर यायला नको, म्हणून आईने उशाला पिवळं लावलं. पिवळं वर, पिवळं वर, असं ओरडायची." कंदिलाच्या उजेडात गडद निळं काळं पडतं आणि पिवळं पांढऱ्याइतकंच उजळ दिसतं, पण पांढऱ्यासारखं चार दिवसांत मळत नाही. मी विचारलं, मग बाकीची पंचवीस? ताईंनी क्षणभर आठवलं आणि म्हणाल्या, "ती तिला आवडायची म्हणून. पिवळ्या चिंध्यांचा डालडाचा डबा वेगळा होता तिचा. त्याला हात लावलेला चालायचा नाही."

त्याच दिवशी मोहरी रंगाची ती दोन कापडं मी परत कपाटात टाकली.

पर्याय

पहिला पर्याय वहिनींचा: विरलेली पिवळी काढून सौम्य रंग लावायचा. त्याने गोधडी भिंतीला शोभली असती, पण उसं-पायथा पुसला गेला असता. आणि काळ्या-निळ्या-मरून ठिगळांचा तो ढीग पिवळ्याशिवाय निव्वळ काळोख झाला असता. मी कागदावर पिवळ्या घरांवर बदामी खडू फिरवून वहिनींना दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, कागद मात्र बराच वेळ हातात धरून होत्या.

दुसरा, गोधडी पुन्हा रंगवायची किंवा फिकी पिवळी ठिगळं हळदीने उजळायची. हे एका मदतनीस बाईने सुचवलं आणि तिचा हेतू चांगला होता, पण हळद उन्हाला टिकत नाही आणि शेजारी पसरते. हा विचार लगेच सोडला.

तिसरा ताईंचा, की दुरुस्त करून वापरात आणायची. याला मी ठाम नकार दिला आणि त्याचं ताईंना वाईट वाटलं. कारण दोन होती. पीठ झालेले धागे बाळाच्या नाकातोंडात जाणार. दुसरं कारण पेनसिल्व्हेनियाहून आलं.

ताईंच्या लेकीने तिकडच्या जुन्या ठिगळांच्या गोधड्यांची छायाचित्रं पाठवली, 19व्या शतकातली. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या बायकांनी शिवलेल्या, लाल, गडद हिरव्या आणि धिटाईने वापरलेल्या पिवळ्या-केशरी रंगाच्या. त्या पिवळ्याला तिकडे क्रोम यलो म्हणतात आणि त्यातल्या केशरी छटेला चेडर चीजवरून चेडरच म्हणतात. फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लॅं याने 1797 मध्ये सायबेरियातल्या एका लाल खनिजात क्रोमियम ओळखलं, आणि पुढे त्यातून हा रंग आला. सुती कापड आधी शिशाच्या क्षारात बुडवायचं, मग डायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराच्या पाण्यात. धाग्यातच पिवळा लेड क्रोमेट तयार होतो. रंग देखणा, पण शिसं विषारी. अल्क लागलं की तोही केशरी होतो, म्हणजे साबणाने रंग बदलला एवढ्यावरून हळद की क्रोम हे ठरवता येत नाही. आमच्या मधल्या चौकोनाची हळद लिंबाने आणि निळ्या दिव्याने सिद्ध झाली होती. गिरणीच्या पिवळ्याबद्दल मी प्रयोगशाळेशिवाय छातीठोकपणे काहीच सांगू शकत नव्हते. जे सांगता येत नाही ते बाळाच्या तोंडाजवळ नको.

त्या छायाचित्रांचा आणखी एक उपयोग झाला. एका गोधडीतल्या वेलींची पानं निळी होती. लेकीने लिहिलं, ती मुळात हिरवी. निळ्यावर पिवळा चढवून हिरवं केलेलं, पिवळा उडाला आणि निळा उरला. मी आमच्या गोधडीतली निळसर सहा ठिगळं पुन्हा तपासली. शिवणीत दुमडलेली कड उलटून पाहिली तर आत हिरवं! म्हणजे आजींनी शिवली तेव्हा पिवळा याहून जास्त ठिकाणी होता, हिरव्याच्या पोटात.

आणि वहिनी? त्यांनी ती छायाचित्रं मोबाइलवर मोठी करकरून पाहिली. चंद्रकळेला आजींनी खेटवलं होतं, तसंच तिकडच्या बाईने गडद हिरव्याला पिवळं खेटवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "तिकडेही बायका असंच करायच्या का?" एवढंच. पण त्यानंतर बदामीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

चौथा पर्याय लेकीचा, हातच लावायचा नाही. तत्त्व म्हणून मला तो आदराचा वाटतो. पण उंदरांचा वास आणि किडीची अंडी असलेली गोधडी आहे तशी ठेवणं म्हणजे तिला हळूहळू संपू देणं.

ठरलं ते असं: मूळ एकही ठिगळ काढायचं नाही, दुरुस्ती खालून करायची, गोधडी वापरायची नाही आणि कायमची भिंतीवरही लावायची नाही. बाळासाठी त्याच नकाशावर नवं दुपटं शिवायचं.

केलेलं काम

किडीसाठी गोधडी प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून ओळखीच्यांच्या डीप फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवली. डांबराच्या गोळ्या वापरल्या नाहीत. मग पातळ जाळीवरून, हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमने धूळ काढली.

मधल्या चौकोनातला तांबडा डाग लिंबाच्या अगदी सौम्य पाण्याने, कापसाच्या बोळ्याने टिपून टिपून उतरवला. दुपार गेली त्यात. डाग कडेकडून पिवळा होत आत सरकत गेला, सूर्यग्रहण सुटताना उजेड परत येतो तसा. ताई शेजारी बसून होत्या. नंतर साध्या पाण्याने आंबटपणा काढून टाकला.

धुण्याच्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. रंग सुटतो का, हे मी ओला पांढरा कापूस ठिगळावर दाबून तपासलं होतं, पण अष्टपुत्री, गिरणीचं पिवळं आणि पीलिया यांवरच. लिंबू रंगाची चार ठिगळं गिरणीच्याच कापडातली समजून सोडून दिली. रिठ्याच्या पाण्यात गोधडी उतरवून पाच मिनिटंही झाली नसतील, त्यांतल्या एकाच्या कडेने पिवळा झरू लागला आणि शेजारच्या फुलांच्या पांढऱ्यावर पसरला. घरातून कुणीतरी ओरडलं, मीठ टाका. मिठाने आधी रंगलेलं कापड पक्कं होतं, हा सर्वत्र चालणारा गैरसमज आहे. आम्ही भराभर पाणी बदललं, वरून सतत स्वच्छ पाणी सोडलं, खाली-वर पांढरे टॉवेल दाबून पाणी शोषून घेतलं, पंख्याखाली वाळवलं. तीन ठिगळं वाचली. फुलांच्या त्या एका ठिगळावर फिकट पिवळी झाक राहिली आहे. ती मी तशीच ठेवली आणि कुटुंबाला त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं.

मग पिवळ्याचा शोध. विरलेल्या ठिगळांखाली सरकवायला नवं कापड हवं होतं. शीतलामाता बाजारात दोन दिवस गेले. नवं पॉपलिन कडक आणि हिरवट. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग जुळवायचा प्रयत्न साफ फसला. प्रत्येक दुकानात वेगळाच पिवळा निघायचा. शेवटी एक सुटा धागा पुठ्ठ्यावर चिकटवला आणि मॅचिंग सेंटरमध्ये गेले. साडीच्या फॉलचे आणि टू बाय टू रुबियाचे गठ्ठे तिथे रंगवार लावलेले असतात. पिवळ्याच्याच दोन डझन छटा असतील. दुकानदाराने पुठ्ठा घेऊन दारात, उजेडात नेला आणि तीन तागे काढले.

आता कुठला निवडायचा? ठिगळांचा आज दिसणारा रंग उन्हाने उतरलेला होता. फाटलेल्या ठिगळाची कड उलटली तर दुमडीतला पिवळा जसाच्या तसा, शेवंतीसारखा भरदार. आजींनी शिवताना डोळ्यांपुढे होता तो हा. उतरलेल्या रंगाशी जुळवलं तर दुरुस्ती लपते, मुळाशी जुळवलं तर दिसते. मी मधली छटा घेतली, मुळाकडे झुकणारी. खालून सरकवल्यावर जिथे जुनं कापड झिजलंय तिथे तिथे बारीक भोकांतून तो पिवळा डोकावतो. दुरुस्ती कळते, आणि मला ती कळायलाच हवी होती. रुबिया आधी तीनदा धुऊन घेतला, रंग सुटत नाही हे पाहिलं, मगच वापरला. टाके जुन्या भोकांतूनच घेतले, उद्या कुणाला उसवावंसं वाटलं तर उसवता येतील असे. 21 ठिगळांना दोघींचे मिळून 19 दिवस लागले. अष्टपुत्रीवर रंगाशी जुळणाऱ्या तलम नेटचं आवरण घातलं.

परिणाम

गोधडी आता सुती, धुतलेल्या मांजरपाटात रुंद नळीवर गुंडाळून वहिनींच्या कपाटात आहे. घडी घातली की घडीवर कापड तुटतं, म्हणून नळी. संग्रहालयांत अशा कापडांवर 50 लक्सहून जास्त उजेड पडू देत नाहीत, तेव्हा दिवाणखान्याची भिंत नकोच, हे वहिनींना समजावलं. मनातून त्या खट्टू झाल्या हे मला दिसत होतं. दिवाळीत दोन दिवस पलंगावर पसरून घरच्यांनी बघायची, एवढं ठरलं.

दुपट्यासाठी मात्र गोष्ट वेगळीच वळली. माझी कल्पना होती की नवं दुपटं सौम्य रंगांचं करावं, उशाला एक पिवळी ओळ पुरे. वहिनींनी स्वतःच्या दोन जुन्या सुती साड्या आणल्या, सुनेचा कॉलेजातला कुर्ता आणला, आणि सगळ्यांवर एक पिवळी शाळेची ओढणी ठेवली, त्यांच्याच लेकीची. म्हणाल्या, "उशाला तर लावाच. पण मधे मधे पण लावा. एवढं एवढं नको, भरपूर." पिवळं कापड धुऊन, रंग तपासून मगच घेतलं. उशाकडे एक आड एक, मग काळ्याऐवजी गडद निळ्याला खेटून, पांढऱ्यापासून दूर. शेवटचा चौकोन ताईंनी शिवला. त्यांचा टाका आईच्या टाक्याहून मोठा आहे आणि वाकडाही, तरी तोच ठेवला.

ताईंचं मन दुखावलं होतं, ते दुपट्याने पूर्ण भरून निघालं असं मी म्हणणार नाही. त्यांना आईचीच गोधडी हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

लिंबू रंगाची चूक टाळता येण्यासारखी होती. गोधडीत एकाच रंगाची दोन ठिगळं एकाच ताग्यातली असतील असं गृहीत धरणं ही मूळ चूक. आता मी प्रत्येक ठिगळ वेगळं तपासते, 212 असली तरी. दोन दिवस जास्त लागतात.

नकाशा आधी काढायला हवा होता. आठ दिवसांतला सहावा दिवस उजाडल्यावर मी तो काढला आणि ताईंना दाखवला. पहिल्याच दिवशी ताईंना गोधडी पसरून नुसतं विचारलं असतं, हे असं का, तर मोहरी रंगाचा विचार माझ्या डोक्यातही आला नसता आणि वहिनींना मी आशा लावली नसती.

ताईंना नकार देताना मी घाई केली. शिशाची भीती, धाग्यांचं पीठ, सगळं एका दमात सांगितलं. दुपट्याची कल्पना आधी मांडून, त्यांच्या हातात सुई देऊन मग नकार सांगायला हवा होता. गिरणीच्या पिवळ्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची राहिली, तीही खर्चामुळे नव्हे, माझ्या ढिलाईने. एक सुटा धागा मी जपून ठेवला आहे.

मधल्या चौकोनावर नेट घालावं की नाही, यावर मी अजून ठाम नाही. नेटने अष्टपुत्री सुरक्षित झाली, पण तिची झळाळी थोडी मंदावली. ताईंच्या लेकीला फोटोत ते लगेच जाणवलं.

डालडाचा डबा सापडला. ताईंच्याकडेच होता, त्यात सुया आणि बटणं. तळाशी पिवळ्या पॉपलिनचे नऊ तुकडे, कधी न वापरलेले, ऊन न पाहिलेले, अगदी दुमडीतल्या रंगाचे. डब्यातले असल्यामुळे धडधाकट. ते दुपट्यात घालायचे का, हा प्रश्न निघाला. तपासणी झाल्याशिवाय नाही, असं मी सांगितलं. डबा परत ताईंकडे आहे. गोधडी दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की नळीवरून उघडून पाहायची आहे, तेव्हा ताई तो घेऊन येणार आहेत.